बेल कुणी दिली?

“पादचाऱ्यांच्या मागून येताना घंटी दोनदा वाजवावी,” कारखानीस साहेबांनी नव्या पाटीवरचा नियम मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की जणू पाटीखाली फक्त माझं नाव घालायचं राहून गेलंय.

“ऐकलंत ना शेलार? दोनदा. एकदा नाही, तीनदा नाही.”

“आणि समोरनं आलो तर?”

“समोरून आलात तर तुम्ही दिसताच की माणसाला.”

साहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बँकेत काउंटरसमोर अर्धा तास उभा राहिलेला माणूससुद्धा कुणाला दिसत नसे, हा भाग वेगळा. पण निवृत्तीनंतर माणसाची नजर सुधारते. साहेबांची इतकी सुधारली होती, की गल्लीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला कोण थुंकलं ते सांगत. गळ्यात शिट्टी असे. ती कुणी दिली होती देव जाणे, पण ती वाजली की कुत्री आधी पळत आणि माणसं नंतर.

आमची स्टँड गल्ली त्या वर्षी वाहनमुक्त झाली होती. जुन्या एसटी स्टँडापासून मारुतीच्या देवळापर्यंत सरळ गल्ली. दोन्ही तोंडांना लोखंडी खांब ठोकले, मुख्याधिकाऱ्यांनी फीत कापली, फोटो निघाले. आधी या गल्लीतून टेम्पो, रिक्षा, फटफट्या, म्हशी आणि माणसं अशी सगळी जात. आता म्हशी आणि माणसं एवढीच राहिली. पायडलच्या सायकलीला परवानगी होती. अडचण झाली ती बॅटरीच्या सायकलींची. त्यांना पायडलही असतं आणि मोटारही असते, म्हणजे त्या धड सायकल नाहीत की धड गाडी नाहीत. सरकारी माणसाला असली वस्तू दिसली की तो तिला मुदत देऊन टाकतो. दिवाळीपर्यंत चालू द्या, म्हणाले; एक जरी अपघाताची तक्रार आली, तर बंद.

गल्लीत अशा सायकली फिरवणारी कॉलेजची पोरं बरीच होती आणि म्हातारा मी एकटा. पोरं मांजरासारखी आवाज न करता मागून येत आणि बायामाणसांच्या पदराला वारा घालून जात. एकदा सावित्री भाजीवालीची टोपली उडाली, टोमॅटो पार देवळापर्यंत गेले. तेव्हा कारखानीस साहेबांनी ‘गल्ली सुधार मंडळ’ काढलं, स्वतःच अध्यक्ष झाले, आणि गल्लीच्या बरोबर मध्यावर ही पाटी उभी केली. नियम भरपूर होते. हळू चालवा, गर्दीत उतरून चाला, वृद्धांचा मान राखा. त्यात घंटीचा नियम साहेबांना सगळ्यात लाडका, कारण तो त्यांनी स्वतः शोधून काढला होता.

माझी सायकल पोरीनं पुण्याहून पाठवलेली. तीस वर्षं एसटीच्या डायवर सीटवर बसून माझ्या कंबरेचं जे व्हायचं ते झालं होतं. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडापुढं धरून पाहिला आणि फी जरा कमीच घेतली, तेव्हाच मी काय ते समजलो. घरापासून चार उंबरे चाललो की पाय बधिर होऊन भिंत धरायची पाळी येई. सायकलीवर बसलं की मात्र कंबरेला भार नाही, मोटार ओढतीय, मी नुसता पाय फिरवल्यासारखं करतोय. संध्याकाळी गल्ली ओलांडून स्टँडाच्या कट्ट्यावर जायचं, निवृत्त झालेल्या सगळ्या एसटीवाल्यांत बसायचं, चहा प्यायचा, आजच्या डायवर लोकांना नावं ठेवायची आणि परत यायचं. एवढाच माझा संसार उरला होता. रिक्षा गल्लीत येत नव्हती. सायकल बंद झाली असती तर मी खिडकीत बसलो असतो, आणि खिडकीतून दिसणार काय, तर कारखानीस साहेब. नुसत्या विचारानं मला रात्री घाम फुटायचा.

माझी बायको हौसा हिचं मत वेगळं होतं.

“बसमदी बसून कंबर मोडली, आता सायकलीवर बसून मान मोडा,” ती म्हणायची.

“अगं, शिस्तीनं चालवतो मी.”

“व्हय तर. मला म्हाईत न्हाई व्हय तुमची शिस्त? लगीन करून आणली तवा मी तुमच्याच गाडीत हुते.”

पण मी खरंच शिस्तीनं चालवत होतो. नियमच पाळायचा तर तो एसटीच्या माणसानं पाळावा. पुढं माणूस दिसला की टिंग टिंग. बाई दिसली की टिंग टिंग. म्हैस दिसली तरी टिंग टिंग. नियमात म्हैस नव्हती, पण आपल्याकडून कमी नको. लोक झटकन बाजूला होत आणि मागं वळून बघत. तोंडावर जे घेऊन ते बघत, तो आदर असावा असं मला वाटे. एसटीत असताना मी मोठा भोंगा मारायचो आणि पुढच्या माणसाचं तोंड आरशात दिसेपर्यंत तो धुळीत गेलेला असायचा, त्यामुळं या बाबतीत माझा अभ्यास कमीच होता.

सगळ्यांना बाजूला काढलं, पण एका माणसाला बाजूला काढायची माझी छाती नव्हती. तो दिसला की मी सायकल भिंतीकडं घेई, तोंड फिरवी आणि घंटी न वाजवता निघून जाई. तो म्हणजे सदाशिव माळवदे. माझा कंडक्टर.

माझा म्हणजे काय, की अख्ख्या डेपोत आमची जोडी ठरलेली. दुसरा कंडक्टर दिला तर मी कुरकुर करायचो आणि दुसरा डायवर दिला तर सदा रजा टाकायचा. डोंगरातल्या मुक्कामाच्या गाड्या आम्हीच काढल्या. एका घोंगडीत झोपलो, एका डब्यात जेवलो. तो मला नावानं कधी हाक मारत नसे. ‘डायवर’ म्हणायचा, मी त्याला ‘कंडक्टर’. आणि निवृत्तीही आमची एकाच दिवशी आली. डेपोत नारळ, शाल, पेढे. सदा भाषणाला उभा राहिला. म्हणाला, “रंगराव शेलार चांगला माणूस हाय. पण खरं सांगू का मंडळी, ह्यानं नुस्तं चाक फिरवलं. गाडी चालवली ती मी. माझ्या डबल बेलबिगर ह्याची गाडी कधी स्टँडातनं हाललीय का?”

लोक हसले. डेपो मॅनेजर इतके हसले की पेढा घशात अडकला. मला पाणी द्यायला पाठवलं. तीस वर्षं घाट चढवले, पावसात दरडी चुकवल्या, एकदा ब्रेक गेलेली गाडी उसात घालून चाळीस माणसं वाचवली, आणि शेवटी मी काय, तर चाक फिरवणारा! पाणी देऊन मी परस्पर घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सदा दारात आला, तर मी आतून हौसाला सांगायला लावलं, की घरी नाहीत. तिनं बाहेर जाऊन सांगितलं, “आत हायती, पण न्हाईत म्हून सांगा म्हणत्यात.” तेव्हापासून अबोला. पाच-सहा वर्षं झाली होती. एकाच गल्लीत राहून अबोला टिकवणं सोपं नाही, त्याला रोज थोडी मेहनत लागते. ती मी घेत होतो.

कट्ट्यावर सदा अलीकडं येत नसे. मी येतो म्हणून येत नसणार, असं मी धरून चाललो होतो, आणि खोटं कशाला बोला, मला ते बरंही वाटत होतं. संध्याकाळी तो काठी टेकत गल्लीतून फिरताना, नाहीतर भिंतीला टेकून उभा दिसे. जरा वाळला होता. एकदा हौसा म्हणाली, “सदाभाऊजींचं काय खरं न्हाई. त्यांची सून सांगत हुती...” मी म्हणालो, “त्या घरचं मला काही सांगू नकोस.” ती म्हणाली, “बरं.” हौसा ‘बरं’ म्हणते तेव्हा समजावं की आता ती आपल्याला आपल्या कर्मानं शिकू देणार आहे.

तर पाटी लागल्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. संध्याकाळची वेळ, गल्ली भरलेली. मी देवळाकडून स्टँडाकडं निघालो होतो. टिंग टिंग, टिंग टिंग, लोक दुभंगत होते. पाटीजवळ कारखानीस साहेब उभे. पोरं नियम पाळतात का हे बघायला ते रोज तिथं उभे राहत आणि पोरांनी नियम पाळला की थोडे निराश होत. बांगड्यांच्या दुकानाच्या भिंतीला टेकून सदा उभा होता. अगदी कडेला. वाटेत नव्हता. मी नेहमीप्रमाणं तोंड फिरवून जाणार होतो, पण साहेबांनी शिट्टी तोंडात धरली होती आणि त्यांचा डोळा माझ्यावर होता. पादचारी दिसला आणि घंटी नाही, असं व्हायला नको. दिवाळी जवळ आली होती.

मी वाजवली. टिंग टिंग.

आणि भिंतीला टेकलेला सदा सरळ झाला. पाठ ताठ केली, काठी बगलेत मारली आणि डावं-उजवं न बघता थेट गल्लीच्या मधोमध पाऊल टाकून चालू लागला. माझ्या पुढच्या चाकासमोर.

मी दोन्ही ब्रेक दाबले. हँडल फिरवलं. त्याचं टोक सदाच्या बगलेतल्या काठीला लागलं, काठी उडाली, सदा मटकन खाली बसला, आणि मी सायकलीसकट पुढं जाऊन ‘वृद्धांचा मान राखा’ या ओळीवर आदळलो. पाटी मुळासकट उपटून माझ्या अंगावर आली. खड्डा खणायचं काम साहेबांनी मंडळाच्या खर्चात बसवलेलं असल्यामुळं तो वीतभरच खोल होता.

शिट्टी वाजली. कुत्री पळाली. माणसं जमली.

“बघा!” साहेब म्हणाले. “बघा, मी काय सांगत होतो! सगळ्यांनी पाहिलंय. मीसुद्धा पाहिलंय.”

मला दोघांनी उठवून बांगडीवाल्याच्या पायरीवर बसवलं. सदालाही आणून शेजारीच बसवलं. गल्लीत दुसरी पायरी मोकळी नव्हती. त्याला कुठं लागलेलं दिसत नव्हतं. धोतराला धूळ तेवढी. माझ्या कोपरातून रक्त येत होतं. पण मला कोपर दिसत नव्हतं, मला खिडकी दिसत होती. संपलं, म्हटलं. ज्या माणसाशी बोलत नाही, नेमका त्यालाच धक्का दिला. हा आता हात धुऊन घेणार.

कारखानीस साहेब सदासमोर वाकले. “माळवदे, घाबरू नका. सकाळी मुख्याधिकाऱ्यांकडं जाऊ. तुम्ही फक्त सांगायचं, की या गाडीनं तुम्हाला पाडलं. बाकी मी बघतो. तुमची तक्रार आहे ना?”

सदानं त्यांच्याकडं पाहिलं, मग वळून माझ्याकडं पाहिलं. पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा.

“डायवर,” तो म्हणाला, “बेल कुणी दिली?”

मी कोपर शर्टाला पुसलं.

“मी,” मी म्हणालो.

“तू? तुला काय अधिकार?”

“पाटीवर लिवलंय.”

“पाटीवर कायबी लिवत्यात. बेल डायवरची असती व्हय? एक दिली तर थांब, दोन दिल्या तर चल. डबल मिळाली, मी निघालो. आता निघालो ते चुकलो का मी?”

मागं उभे असलेले दोन-तीन एसटीवाले एकदम म्हणाले, “न्हाई.” त्यांना राहवलंच नाही. त्यांच्यातला एक मेकॅनिक होता, तो तर म्हणाला, “परवा मागनं टिंग टिंग आली तवा माझाबी पाय आपसूक उचलला हुता.” आमच्या गल्लीतली निम्मी घरं एसटीवाल्यांची. त्या गल्लीत माणसाला थांबवायला डबल बेल मारायची, हा शोध बँकेतच लागू शकतो. आणि तो नियम पाळायला एसटीचा एक डायवर मिळाला, ही गल्लीची पुण्याई. पण आमच्या बाजूनं एक सांगायला पाहिजे. डायवर जन्मभर बेल ऐकतो, कधी देत नाही. देणाऱ्याच्या हातात ती काय करते, हे त्याला कुठून कळणार?

“ते असू द्या,” साहेब म्हणाले. “तक्रार आहे की नाही तेवढं सांगा.”

“हाय की,” सदा म्हणाला.

झालं, म्हटलं मी.

“तक्रार अशी हाय,” सदा सावकाश म्हणाला, “की माणसं खाली हायती आनि डायवर गाडी फुडं घेतोय. आधी प्याशिंजर, मग गाडी. म्हातारी माणसं हायती, पोरं हायती, कुणाच्या हातात बोचकं हाय. ती चालतील तशी चालतील. त्यास्नी मागनं बेल मारून कशापायी पळवायचं? तू थांब. तुला कुठली नड हाय? रस्ता मोकळा झाला का मी देतोच की बेल.” मग तो कारखानीस साहेबांकडं वळला. “आनि तुमी का उभं? जागा हाय. बसा. तिकीट झालं का तुमचं?”

साहेब गोंधळले. “अं?”

“तिकीट, तिकीट. कुठलं देऊ?”

कुणीतरी पोरगं फिस्सकन हसलं. मी हसलो नाही. सदाचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा हलत होता, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा दाबावा तसा. मग माझ्या जवळ सरून, कुणाला ऐकू जाऊ नये असं, तो म्हणाला, “डायवर, आज लई येळ झाला. मी कवाधरनं हितं उभा हाय, तुझी गाडीच ईना. रोज उभा ऱ्हातो. मला वाटलं तू मला सोडून गेलास.”

अबोला त्यानं मोडला नव्हता. अबोला त्याच्या ध्यानातच नव्हता. कधीपासून नव्हता कोण जाणे. रोज संध्याकाळी तो त्या भिंतीला टेकून माझ्या गाडीची वाट बघत होता, आणि मी रोज तोंड फिरवून त्याच्या पुढ्यातून गाडी काढत होतो. मी मोठ्या निष्ठेनं भांडण सांभाळत बसलो होतो, आणि समोरचा केव्हाच उतरून गेला होता. इतकं एकट्यानं भांडलेला माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. मला त्याचा हात धरावासा वाटला. धरला नाही, गल्ली बघत होती.

कारखानीस साहेबांना आता उलगडा झाला आणि ते सरळ उभे राहिले. ते सभेत बोलत तशा आवाजात म्हणाले, “म्हणजे यांचं डोकं ठिकाणावर नाही. हरकत नाही. भ्रमिष्ट माणसाला धडक दिली, हे तर जास्तच गंभीर आहे. मी तसं लिहितो. यांच्या घरच्यांनाही सांगतो, की असल्या माणसाला बाहेर सोडू नका. कुलूप लावा. गल्ली चालणाऱ्यांसाठी आहे, पण चालणाऱ्याला भान पाहिजे ना.”

आता मला कळेना की मी उठलो कसा. कंबर म्हणाली, बस. पण तिचं कोण ऐकतो.

“साहेब,” मी म्हणालो, “तक्रार माझ्या नावानं लिवा. मी धडक दिली. बघून दिली, तोंड फिरवून दिली, काय लिवायचं ते लिवा. सायकल उद्या बंद करा. ही घ्या किल्ली. पण माझा कंडक्टर भ्रमिष्ट हाय असं एक अक्षर लिवलं आनि त्याला घरात कोंडा म्हणालात, तर मी ह्या पाटीखाली आडवा झोपीन. मग वृद्धांचा मान राखा आनि मला वलांडून जावा.”

“अहो, पण शेलार...”

“त्यानं काय चुकीचं सांगितलं ते मला सांगा. गाडीनं थांबावं, माणसानं चालावं. तुमच्या त्या लांबलचक पाटीत ह्यापेक्षा जास्त काय लिवलंय?”

किल्ली मी त्यांच्या हातात ठेवली. साहेब माझं घर कुठं आहे आणि कट्टा कुठं आहे हे जाणत होते. मी भिंती धरत जातो हेही त्यांनी पूर्वी बघितलं होतं. म्हटलं ना, नजर चांगली होती. त्यांनी किल्लीकडं पाहिलं, पडलेल्या पाटीकडं पाहिलं. एवढ्यात सदाची सून धावत आली, पदर सावरत, रडकुंडीला येऊन. “मामंजी! किती शोधलं ओ तुमाला!” मग भोवतीची गर्दी बघून घाबरली. “काय झालं? काय केलं त्यांनी?”

सगळे साहेबांकडं बघू लागले. जन्मात पहिल्यांदा अख्खी गल्ली त्यांचं ऐकायला थांबली होती, आणि त्यांना काय बोलावं सुचेना.

“काही नाही,” ते शेवटी म्हणाले. “पाटी पडली. खड्डा नीट खणला नव्हता.”

किल्ली त्यांनी मला परत दिली आणि शिट्टी वाजवून गर्दी हटवली. गर्दी आधीच हटत होती, पण माणसाला काहीतरी करायला लागतं.

महिन्याभरात नवी पाटी आली. त्यावर दोनच ओळी होत्या: ‘चालणारा आधी. गाडीवाल्याने थांबावे, घंटी वाजवू नये.’ खाली मंडळाचं नाव, आणि हा विचार अध्यक्षांच्या मनात पहिल्यापासून होता, असं अध्यक्षांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. दिवाळीनंतर सायकली चालू राहिल्या. पोरं लगेच संत झाली असं नाही. पण गल्लीत शिरताना वेग आपोआप कमी होई, कारण पुढं मी असायचो आणि मला ओलांडून जायला जागा नसायची.

माझ्या सायकलीची घंटी मी हँडलवरून काढली. मेकॅनिकनं ती मागं, कॅरियरला बसवली आणि तिच्या खटक्याला सुतळी बांधली, आमच्या जुन्या गाडीत छताला असायची तशी. संध्याकाळी मी बांगड्यांच्या दुकानापाशी सायकल उभी करी. सदा भिंतीपासून सुटून येई, सुतळी हातात घेई आणि मागून चालू लागे. टिंग टिंग दिली की मी निघायचं. टिंग झाली की थांबायचं. कुणी बाई पिशवी बदलायला उभी राहिली, टिंग. पोरांचा चेंडू आला, टिंग. ओळखीचं माणूस दिसलं, टिंग, आणि मग त्याला तिकीट विचारणं. गल्ली ओलांडायला इतका वेळ लागे, की कट्ट्यावरचा चहा आम्ही पोचेपर्यंत गार होई. लोक हसत. मीही सुरुवातीला शरमायचो. हौसा दारातून बघायची आणि म्हणायची, “आता खरी चालली गाडी. इतकी वर्सं नुस्ती पळत हुती.”

तिला काय, तिनं सदाच्या भाषणाला तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्याच्या तोंडाशी सदा गेला. झोपेत गेला, कुणाला न सांगता. सकाळीच निघायचं ठरलं. नगरपालिकेची गाडी खांबांमुळं गल्लीत येऊ शकत नव्हती, ती पलीकडं स्टँडापाशी थांबली, आणि गल्लीभर खांद्यावरून न्यायचं ठरलं. मला खांदा देणं शक्यच नव्हतं. मी सायकलीवर मागून निघालो, पावलाच्या वेगानं. बांगड्यांच्या दुकानापुढं विसाव्याला थांबले, तिरडी खाली ठेवली, खांदे बदलले, पुन्हा उचलली. आणि उचलल्यावर कुणी हलेना. पुढच्यांना वाटलं मागचे तयार नाहीत, मागच्यांना वाटलं पुढचे थांबलेत. भटजी गेले होते पुढं. सून तोंडात पदर घालून उभी. सगळे एसटीवाले खांद्यावर सदाला घेऊन उभे, नुसते उभे, जणू काही ऐकू यायची वाट बघत.

मला ठाऊक होतं कशाची. पण सुतळी माझ्या मागं होती आणि डायवरला अधिकार नसतो. मी हँडल धरून बसलो. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं.

माझ्या मागं कारखानीस साहेब चालत होते. शिट्टी त्या दिवशी घातली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. मग पुढं होऊन, खाली वाकून, लोंबणारी सुतळी धरली आणि ओढली.

टिंग टिंग.

सगळ्यांचे पाय एकदम उचलले. मी गाडी काढली.